शहराचा तिसरा हिस्सा

७ मार्च २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाला वीस वर्षे पूर्ण होतात. मुंबईतील कापड गिरण्यांच्या जमिनींची वाटणी कशी व्हावी, याबाबत राज्य सरकारने २००१ मध्ये केलेली नियमदुरुस्ती न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा आणि न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर यांच्या पीठाने २००६ मध्ये त्या दिवशी वैध ठरवली. त्याच्या पाचच महिने आधी मुंबई उच्च न्यायालयाने याच वादात शहराच्या बाजूने कौल दिला होता. तो रद्द झाला. अशा दिवसांची आठवण ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आम्हाला मात्र ती ठेवावीशी वाटते. जो शहराच्या जमिनीवर इमले उभारून नफा मिळवतो त्याने शहराला काय द्यायचे, कुठे आणि कधी द्यायचे, दिलेल्याचा हिशेब कोणी ठेवायचा, या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर मुंबईला एकदा सापडले होते. ते नियमांच्या वहीत छापलेलेही होते. ते हातचे कसे गेले, हे समजून घेतल्याशिवाय आज पुणे, नाशिक, ठाणे या शहरांत याच प्रश्नावर चाललेली झटापट कळणार नाही.

गिरणगाव म्हणजे भायखळा, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या पट्ट्यातली सुमारे सहाशे एकर जमीन. दक्षिण आणि उत्तर मुंबईच्या मधोमध, मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांना लागून. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. त्यानंतर गिरण्या एकामागून एक आजारी पडत गेल्या. भोंगे थांबले, तीन पाळ्या थांबल्या, खानावळी उठल्या. कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली. ही किंमत गिरणीमालकाने निर्माण केलेली नव्हती. आगगाडीची स्थानके, पाण्याच्या नळवाहिन्या, रस्ते, दवाखाने आणि शंभर वर्षे त्या चाळींत राहून तिथे वस्ती टिकवणारी माणसे यांनी ती निर्माण केली होती. काही गिरण्यांच्या जमिनी तर सरकारी भाडेपट्ट्याच्याच होत्या. म्हणून त्या जमिनीवर नवी इमारत उभी राहताना शहराने आपला वाटा मागितला, तर ती खैरातीची याचना ठरत नाही. शहर आपल्याच कमाईतला भाग परत मागत असते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमामागे हाच विचार होता. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला बागा, मैदाने यांसारख्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी, उरलेला मालकाला. पाच हेक्टरांपर्यंतच्या गिरणीत हे प्रमाण ३३, २७ आणि ४० टक्के होते. दहा हेक्टरांहून मोठ्या गिरणीत ३३, ३७ आणि ३०. जमीन जितकी मोठी तितका लोकांच्या घरांचा वाटा अधिक. हा नियम वाचताना आजही समाधान वाटते. त्यात कोणाची मर्जी लागत नव्हती, ‘प्रकल्प परवडतो का’ याचा दर वेळी नव्याने वाद नव्हता, आणि महत्त्वाचे म्हणजे शहराला मिळणारी वस्तू पैसा नव्हती. ती जमीन होती, आणि तीही त्याच जागेवरची.

त्यात एक फट मात्र होती. जुन्या बांधकामाला हात न लावता त्याचा वापर बदलला, तर वाटणीचा प्रसंगच येत नसे. अनेक मालकांनी त्यामुळे स्वस्थ बसणे पसंत केले. काहींनी शेडमध्येच दुकाने आणि करमणुकीची केंद्रे थाटली. कामगारांची देणी थकत गेली. नियम बदलायला हवा होता, याबद्दल तेव्हा फारसे दुमत नव्हते. पण २००१ मध्ये तो ज्या पद्धतीने बदलला गेला, त्याने फट बुजण्याऐवजी भिंतच पडली. नव्या नियमानुसार वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची व्हायची नव्हती. गिरणीच्या आवारात ज्या भागावर बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या जमिनीची व्हायची होती. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल, ती त्यात धरायची नव्हती.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. समजा, एखादी गिरणी पाच हेक्टरांची आहे. चार हेक्टरांवर शेड, गोदामे, कचेऱ्या, आणि एक हेक्टर मोकळा. १९९१ च्या नियमाने शहराला मैदानासाठी १.६५ हेक्टर आणि म्हाडाला घरांसाठी १.३५ हेक्टर मिळाले असते. २००१ च्या नियमाने तेच अनुक्रमे ०.३३ आणि ०.२७ हेक्टर झाले. गिरणी ही मुळात यंत्रांनी आणि शेडांनी भरलेली जागा. तिच्यात मोकळी जमीन असणार किती? हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये म्हटले की शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली पाहिजे. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबई पाण्याखाली गेली होती. शहराला श्वास घ्यायला जागा हवी, हे सांगायला त्या पावसाळ्यानंतर युक्तिवादाची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र आजारी गिरण्यांचे पुनरुज्जीवन, कामगारांची थकलेली देणी आणि तोवर झालेले व्यवहार यांचा तोल साधत सरकारची दुरुस्ती उचलून धरली. निकालाचा आदर ठेवूनही आम्हाला असे वाटते की या वादात एक चुकीची निवड पुढे ठेवली गेली. कामगाराची देणी द्यायची असतील तर शहराने मैदान सोडावे, असे ते चित्र होते. ज्याची देणी थकली तो कामगार आणि ज्याच्या मुलांना मैदान हवे तो नागरिक, ही त्याच चाळीतल्या त्याच खोलीतली माणसे होती. त्यांना एकमेकांसमोर उभे करण्याचे कारण नव्हते.

या गोष्टीतला एक धागा फारसा उकलला जात नाही. बिल्डर नेहमी सांगतात की शहराने आमच्याकडून जास्त मागितले तर तो बोजा शेवटी घर घेणाऱ्याच्या माथी बसतो. ऐकायला पटते. पण २००५ मध्ये काय झाले ते पाहा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने त्या वर्षी मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. मुंबई टेक्स्टाईल मिल ७०२ कोटींना गेली, कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटींना, एल्फिन्स्टन ४४१ कोटींना, ज्युपिटर २७६ कोटींना, अपोलो १८० कोटींना. बोली लावणाऱ्यांनी हिशेब मांडला तो २००१ चा नियम समोर ठेवून. शहराला दोन तृतीयांश जमीन द्यावी लागणार, हे पक्के असते तर त्यांनी बोली कमी लावली असती, आणि वर बांधलेले घर बाजारात त्याच भावाने विकले गेले असते. कारण घराचा भाव बाजार ठरवतो, बिल्डरचा खर्च नाही. म्हणजे शहराचा सोडलेला वाटा घर घेणाऱ्याच्या खिशात गेला नाही. तो जमिनीच्या किमतीत विरघळला आणि जमिनीच्या मालकाकडे गेला. या लिलावात तो मालक केंद्र सरकारचे महामंडळ होते. नियम घालणारे एक सरकार आणि जमीन विकणारे दुसरे, दोघांनाही शहराचा वाटा लहान असणे सोयीचे होते. नागरिकाच्या बाजूने त्या टेबलावर कोणीही बसलेले नव्हते.

बिल्डरकडून काय मागायचे हे जमीन विकली जाण्याआधी ठरलेले, छापलेले आणि न बदलणारे असावे, हा आमचा आग्रह इथून येतो. मागणी आधी पक्की असेल तर ती जमिनीच्या भावातून वळती होते. मागणी नंतर घासाघीस करून ठरणार असेल, तर जमीन चढ्या भावाने घेतली जाते आणि मग तोच चढा भाव दाखवून ‘आता परवडत नाही’ असे सांगितले जाते.

जमिनीच्या वाटणीबरोबर आणखी एक गोष्ट हातची गेली. राज्य सरकारने १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांच्या जमिनींचा त्याने एकत्रित विचार केला. एकेका गिरणीच्या कोपऱ्यातला तुकडा घेण्यापेक्षा शेजारशेजारच्या गिरण्यांचे वाटे जोडावेत, त्यातून सलग मोकळ्या जागा आणि रस्ते काढावेत, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या बाहेर पायी चालणाऱ्यांसाठी प्रशस्त आवार करावे, असा त्याचा रोख होता. हा अहवाल बाजूला पडला. गिरण्या सुट्या सुट्या विकल्या गेल्या, आणि प्रत्येक मालकाने आपल्या कुंपणाच्या आत आपापला विकास केला.

मग त्या परिसरात मनोरे उभे राहिले. लाखभर माणसे रोज सकाळी कामाला येऊ लागली. रस्ते गिरणीच्या काळातले, स्थानके गिरणीच्या काळातली, जिने गिरणीच्या काळातले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पावसाची सर आली म्हणून परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर माणसे आडोशाला थांबली. गाड्या येत गेल्या, गर्दी मागून रेटत गेली. तेवीस जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहात आग लागून चौदा जणांचा जीव गेला. जुन्या गिरणीचे ते आवार आता कचेऱ्या आणि उपाहारगृहांनी भरलेले होते.

पूल रेल्वेचा होता. चौकशी रेल्वेची झाली. नवा पूल पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत उभा केला. पण त्या जिन्यावर ती गर्दी कोणामुळे आली, हा प्रश्न कोणत्याही चौकशीच्या कक्षेत बसत नव्हता. आसपासच्या प्रत्येक मनोऱ्याला परवानगी मिळताना पैसे भरले गेले होते. १९९२ मध्ये प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालून विकास शुल्क आले. शिवाय जादा चटईक्षेत्रासाठी प्रीमियम आहे, जिन्या-लिफ्टच्या जागेसाठी प्रीमियम आहे, मोकळ्या अंतरात सूट हवी असेल तर त्याचाही प्रीमियम आहे. बिल्डर शहराला काहीच देत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तो भरपूर देतो. मात्र त्याने लोअर परळमध्ये दिलेला रुपया लोअर परळच्या जिन्यापर्यंत पोचेल, अशी वाट आपण बांधलेली नाही. तो तिजोरीत पडतो, मोठ्या रकमेत मिसळतो आणि तिथून कुठे निघतो हे प्रभागातल्या माणसाला कधीच कळत नाही. त्यात रेल्वे एकीकडे, महापालिका दुसरीकडे, प्राधिकरणे तिसरीकडे. एका इमारतीमुळे वाढणारा भार मात्र एकाच फुटपाथवर येतो.

रोख रकमेची दुसरी अडचण अशी की ती सहज कमी करता येते. करोनानंतर बांधकाम व्यवसायाला उभारी द्यायची म्हणून राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये पन्नास टक्के सवलत दिली. घर घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे, अशी अट त्याबरोबर होती. निर्णयाची कारणे असतील. पण त्या वर्षात परवानगी घेतलेल्या इमारतींत माणसे राहायला येणारच आहेत. त्यांना पाणी पूर्ण लागेल, सांडपाणी पूर्ण वाहील. दिलेले मैदान निम्मे परत घ्यायचे तर लोक रस्त्यावर येतात. प्रीमियम निम्मा झाला तर ती वर्तमानपत्राच्या व्यापारपानावरची बातमी असते.

घरांचे काय झाले, हे सांगताना शब्द जड होतात. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने जून २०१२ मध्ये काढली, ६,९२५ घरांची. संपाला तोवर तीस वर्षे झाली होती. आजवर अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात गेले आणि मिळालेली घरे पंधरा हजारांच्या आसपास आहेत. संपाच्या वेळी वीस वर्षांचा असलेला सर्वांत तरुण बदली कामगार आज चौसष्टीत आहे. अनेकांचे अर्ज आता मुले आणि विधवा पत्नी चालवतात. त्यांच्यासाठी सरकारने अलीकडे शेलू आणि वांगणी इथल्या हजारो घरांची योजना पुढे केली आहे. ही गावे बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर आहेत. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांचे म्हणणे एवढेच होते की आमची घरे मुंबईतच द्या. ही मागणी हट्टाची नाही. १९९१ च्या नियमात सर्वसामान्यांच्या घरांसाठी मुंबईतच जागा ठेवलेली होती. गिरणीच्याच जागेवर, तिच्या जमिनीच्या २७ ते ३७ टक्के वाट्यात, म्हाडाची घरे उभी राहणार होती. वाटा आक्रसला म्हणून माणसे कर्जतच्या दिशेने ढकलली जात आहेत.

राज्याने गरिबांच्या घरांसाठी बिल्डरकडून वाटा मागण्याचे इतर प्रयोगही केले. १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याखाली सवलत मिळालेल्या योजनांतली काही घरे सरकारकडे येत, आणि ती मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातून वाटली जात. ज्याची ओळख त्याला घर. तो कायदा राज्याने २००७ मध्ये सोडून दिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये दुसरा नियम आला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावर बांधायचे असेल, तर वीस टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी राखायचा आणि ती घरे म्हाडाच्या सोडतीतून जायची. हा नियम मोलाचा आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुण्याच्या सोडतीत या वीस टक्क्यांतून घर मिळालेली कुटुंबे आज चांगल्या वस्तीत, चांगल्या शाळांच्या जवळ राहतात. पण नियमाची अंमलबजावणी कोणी मोजायची, हे सैल राहिले. भूखंड चार हजारांच्या आत बसावा म्हणून त्याचे तुकडे पाडल्याच्या तक्रारी आल्या. २०२२ च्या आरंभी तर तत्कालीन गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनीच नाशिकबाबत जाहीरपणे विचारले की महापालिका हद्दीतली ही घरे म्हाडाकडे का आली नाहीत. राज्याच्या मंत्र्याला जो आकडा विचारून घ्यावा लागतो, तो आकडा सामान्य अर्जदाराला कुठून मिळणार?

इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदा याच कामासाठी १९९० च्या नगर नियोजन कायद्यातील कलम १०६ वापरतात. बिल्डरशी होणारा करार जमिनीला चिकटतो. मालक बदलला तरी अट सुटत नाही. मागणी त्या इमारतीशी थेट संबंधित आणि तिच्या आकाराला साजेशी असावी लागते. अनेक परिषदा कोणत्या आकाराच्या प्रकल्पाकडून शाळेसाठी, रस्त्यासाठी, परवडणाऱ्या घरांसाठी काय मागणार, याची मार्गदर्शिका आधीच छापतात. तिथेही सारे आलबेल नाही. लंडनमधील हेगेट वसाहतीत परिषदेची हजाराहून अधिक घरे पाडली गेली, आणि नव्या प्रकल्पात सामाजिक भाड्याची घरे शंभराच्या आसपासच ठरली. ‘परवडत नाही’ हा हिशेब तिथेही बंद पाकिटात दिला गेला होता. तरी त्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपण उचलावी अशी आहे. बिल्डरांकडून किती आले आणि ते कुठे खर्च झाले, याचा अहवाल तिथल्या परिषदांना दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध करावाच लागतो.

लोकांनी एकमुखाने मागितले तर जमीन मिळते, हे मुंबईने पाहिले आहे. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलची सुमारे बारा एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली, ती कोणत्याही वाटणीच्या सूत्राने नव्हे. लोकांनी वर्षानुवर्षे मागणी रेटली, म्हणून ती मिळाली. तिथे ३३ टक्क्यांचा प्रश्न उरला नाही. सारी जमीन लोकांची झाली.

मुंबई महापालिकेचे सभागृह मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे रिकामे होते. प्रशासकांनी कारभार पाहिला, आणि त्याच काळात शहरात मोठमोठे पुनर्विकास मंजूर झाले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. गिरणगाव ज्यांत येते त्या जी दक्षिण, एफ दक्षिण आणि ई या विभागांतून निवडून आलेल्यांनी पक्ष बाजूला ठेवून एक तक्ता मागावा. आपल्या विभागातल्या कोणत्या गिरणीने किती जमीन सोपवली, त्यातली किती आज लोकांसाठी उघडी आहे आणि किती अजून कुंपणात आहे, म्हाडाच्या वाट्यावर किती घरे उभी राहिली, विकास शुल्क आणि प्रीमियम म्हणून किती जमा झाले आणि त्यातले किती त्याच विभागात परत आले. यासाठी नवा कायदा लागत नाही. ही माहिती इमारत प्रस्ताव विभागाच्या आणि म्हाडाच्या फायलींत आजही आहे. पुढे परवानग्या देताना मैदान, रस्ता आणि गरिबांची घरे ताब्यात आल्याशिवाय मनोऱ्याला भोगवटा प्रमाणपत्र द्यायचे नाही, असा ठराव करायलाही सभागृहाला कोणी अडवलेले नाही. बंदराच्या जमिनी, धारावी आणि उपनगरांतल्या जुन्या वसाहती आता रांगेत आहेत. त्यांचे वाटे ठरण्याआधी गिरणगावाचा तक्ता सभागृहाच्या पटलावर यायला हवा.